बर

उद्यमबागेत आमच्या शॉपमध्ये
भोक पाडून झालं की आतल्या कडेला
धातूची बारीक मिशी उरते.
तिला बर म्हणतात.
बोट घालून बघायचं, खुपलं की काढायचं.
ती काढल्याशिवाय जॉब पुढं जात नाही.
एकोणीस वर्षं हेच.

म्हणून आज रविवारी, निपाणीत,
आप्पांना मागल्या दाराच्या पायरीवर उन्हात बसवलं
तेव्हा हात सराईत आहे
असं मला वाटलं.

बसलिंगनं दुकान पोराच्या हातात दिलं
आणि पोराला गिऱ्हाइकाचे कान दिसतच नाहीत.
बसलिंग बघायचा.
पाळी चिमटीत धरून 'अलगाडब्याड्री' म्हणायचा,
आणि न हलण्यापुरतं कानडी
आप्पांना कायमच येत होतं.

उद्या पेन्शनच्या कचेरीत तोंड दाखवायचंय,
हयातीच्या दाखल्याला.
वैजयंता म्हणाली, असं न्यायचं? कानात गवत उगवलंय.
आप्पा म्हणाले, 'तेच दाखव की सायबाला.
मेलेल्याच्या कानात काय उगवतंय होय?'

नातीची नखं कापायची बोथट टोकाची कात्री,
स्पिरिटनं पुसलेली.
मोबाईलची बॅटरी वैजयंतानं धरली.
खोल जायचं नाही, दिसतं तेवढंच, असं ठरलं.
मक्याच्या कणसाला असते तशी पांढरी शेंडी
कातरली, फुंकली, खांद्यावरून झटकली.
'कात्री लई मोठ्यानं बोलतीया,' आप्पा म्हणाले.
मग दुसरा कान.

'आता नाकाला हात लावू नगो.'

हे नाक एकतीस वर्षं वखारीत होतं.
मूठभर चुरा उचलून सांगायचं
काळ्या रानातला की माळावरचा,
पाणी किती प्यायलेला,
कुठल्या पोत्यात पाऊस शिरलेला.
बाकीचे तोंडाला फडकं बांधायचे.
आप्पा नाही. फडक्यातनं वास गाळून येतो म्हणायचे.
संध्याकाळी नळावर नाक शिंकरलं
की मोरीत काळपट पाणी.
मालक बाहेरच्या व्यापाऱ्यांना सांगायचे,
'हा आण्णू म्हणजे माझ्या नाकाचा बाल.'
आमच्या घरात ते वाक्य
कितीतरी वर्षं पदवीसारखं टांगलेलं होतं.
वखार विकली
हे आप्पांना एका हमालानं सांगितलं.

डाव्या नाकपुडीच्या कडेला एक राठ पांढरा केस
कात्रीखाली येईचना.
शिकाऊ पोरांना ज्यासाठी शिव्या देतो
तेच मी केलं.
चिमटा घेतला आणि ओढला.
'उपटू नये, पिकतं,' वैजयंता म्हणाली,
तोवर झालं होतं.

डाव्या डोळ्यातून पाणी आलं.
एकाच.
मिशीपर्यंत उतरलं, तिथं थांबलं.
उजवा डोळा कोरडा, माझ्याकडे बघणारा.
वखार बंद झाली त्या दिवशी
आप्पांनी सदरा खुंटीला अडकवला होता
आणि चहा मागितला होता, साखर कमी.
'नाकाचं पाणी हाय ते,' ते म्हणाले.
मी काही विचारलं नव्हतं.

मग मान वर करून हुंगले.
एकदा. परत एकदा.
'मशेरी भाजतंय कोण?'
पलीकडच्या गल्लीत असेल कुणी.
मला फक्त स्पिरिट येत होतं
आणि रविवारीही न जाणारं कूलंट, माझ्याच बोटांचं.
'आपल्याकडचा माल न्हवं हा,' आप्पा म्हणाले,
'लांबनं आणलाय. आणि दमट हाय.'
वैजयंतानं बॅटरी बंद केली.

'दुसरी नाकपुडी ऱ्हाऊ दे.'
उद्या साहेबासमोर?
'एका अंगानं जिता हाय म्हणून लिव्हल त्यो.'

कात्री पुसली, केसबिस झाडून घेतले.
जॉब अर्धाच झालेला.
कडेला बोट फिरवून बघितलं नाही.
पास केला.